रस्त्यावर चालणाऱ्या ड्रॅग कारचं धातूकाम: पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

ड्रॅग कारच्या (सरळ पट्ट्यावर कमीत कमी वेळात पळण्याच्या शर्यतीतल्या गाडीच्या) धातूकामाबद्दल जे लिहिलेलं सापडतं, ते बहुतेक निव्वळ शर्यतीच्या गाड्यांसाठी असतं. ती गाडी ट्रेलरवरून येते, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर पळते आणि पुन्हा ट्रेलरवर चढते. तुमची गाडी मात्र स्वतःच्या चाकांवर ट्रॅकपर्यंत जाणार, वाटेत खड्डे, पाऊस, ट्रॅफिक सोसणार आणि संध्याकाळी घरीही परतणार. ट्रॅकवरचा धक्का जबरदस्त असतो, पण क्षणाचा. रस्त्यावरची थरथर बारीक असते, पण तासन्‌तास चालते. ब्रॅकेटला, एक्झॉस्टला, पत्र्याच्या कडांना तडे जातात ते बहुतेक या थरथरीमुळे. त्यामुळे प्रत्येक जोड करताना दोन प्रश्न विचारायचे: लाँचचा (उभी गाडी सुसाट सुटतानाचा) झटका सोसेल का, आणि वर्षभराची थरथर सोसेल का.

खाली दिलेली मापं अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यती भरवणाऱ्या एनएचआरए या संस्थेच्या नियमांना धरून आहेत, कारण बरेच ट्रॅक तेच नियम किंवा त्यावर बेतलेले नियम वापरतात. तुमच्या ट्रॅकचं चालू वर्षाचं नियमपुस्तक मात्र आधी हातात घ्या. नियम बदलतात, आणि तपासणीला उभ्या असलेल्या माणसाला जुन्या पुस्तकाचं काही सोयरसुतक नसतं.

## १. आधी वेळ ठरवा, मग नळी विकत घ्या

सगळं धातूकाम एका आकड्यावर लटकलेलं आहे: गाडी पाव मैल किती सेकंदांत पळणार. आज किती पळते ते नव्हे, सगळे पार्ट लागल्यावर किती पळेल ते.

- ११.४९ सेकंद किंवा त्याहून जलद: रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी पोलादी नळीची कमान) हवा. छत उघडणाऱ्या गाडीला तो १३.४९ पासूनच लागतो.
- ९.९९ किंवा त्याहून जलद, अथवा शेवटच्या टप्प्यात वेग ताशी १३५ मैल (सुमारे २१७ किमी) किंवा जास्त: पूर्ण केज (चालकाभोवती नळ्यांचा पिंजरा), चासीचं प्रमाणपत्र आणि चालकाकडे स्पर्धेचा परवाना.
- ताशी १५० मैल (सुमारे २४१ किमी) किंवा जास्त: पॅराशूट. म्हणजे त्याचं माउंटिंगही आलं.

अलीकडच्या मॉडेलच्या, मूळ सुरक्षा यंत्रणा शाबूत असलेल्या गाड्यांना यात काही सूट आहे. ती तुमच्या मॉडेल-वर्षाला लागू होते का, ते नियमपुस्तकात बघा.

नवख्यांचा सगळ्यात महागडा घोळ इथेच होतो. गाडी आज ११.८ पळते म्हणून साधा रोल बार बसवतात, पुढच्या हंगामात टर्बो लागतो, गाडी ९.८ ला जाते आणि बार कापून केज नव्याने करावा लागतो. दोन वर्षांनंतरचा आकडा धरा आणि मुख्य हूप (चालकाच्या मागची मोठी कमान) पहिल्याच वेळी केजलाही चालेल अशा मापाचा, केजच्या जागी बसवा. पुढच्या नळ्या नंतर जोडता येतात.

उलट बाजूही सांगायला हवी. रोज चालवायच्या गाडीत गरज नसताना पूर्ण केज घालू नका. ट्रॅकवर डोक्यावर हेल्मेट असतं, रस्त्यावर नसतं. डोक्यापासून वीतभर अंतरावरची पोलादी नळी किरकोळ अपघातातही जीवघेणी ठरू शकते. १०.५० सेकंदांची गाडी असेल आणि तिची मूळ फरशी, बॉडी आणि इंजिनकडचा पडदा (फायरवॉल) बदललेला नसेल, तर रोल बार पुरे.

## २. कागद आणि हत्यारं

कागद:

- ट्रॅकचं चालू नियमपुस्तक
- तुमच्याकडच्या वाहन कायद्यात रचनेतल्या बदलांना कोणती परवानगी लागते, त्याची लेखी माहिती
- विमा कंपनीला बदल कळवल्याचं पत्र
- नळीच्या मालाचं मिल सर्टिफिकेट (कारखान्याचा दर्जाचा दाखला) आणि बिल
- एसएफआय (शर्यतीच्या सुरक्षा साहित्याचे निकष ठरवणारी संस्था) प्रमाणित वस्तूंची लेबलं आणि त्यांवरच्या तारखा; एसएफआय १६.१ चे बेल्ट उत्पादनाच्या तारखेपासून दोन वर्षंच चालतात
- प्रत्येक जोडाचे फोटो, पॅडिंग आणि कार्पेट बसवण्याच्या आधी काढलेले

चासी क्रमांकाची पट्टी आणि ठोकलेला क्रमांक जिथे आहे, तो भाग कापू नका, त्यावर वेल्डिंग करू नका, वर पत्राही बसवू नका. तो क्रमांक गेला की गाडी पुन्हा रस्त्यावर आणण्यासाठी कागदोपत्री जी लढाई लढावी लागते, तिच्यापुढे वेल्डिंग सोपं.

हत्यारं: २०० अँपिअरपर्यंतचा मिग (तार आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग मशीन), क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनम मिसळलेलं पोलाद) किंवा स्टेनलेस करणार असाल तर टिग (टंगस्टनच्या टोकाने आर्क धरून रॉड हाताने द्यायचं मशीन), आणि ॲल्युमिनियमही करायचं तर एसी/डीसी टिग. खऱ्या डायचा ट्यूब बेंडर, होल-सॉवर चालणारा नॉचर (नळीच्या टोकाला खाच पाडणारा), १ मिमी कटिंग डिस्क आणि फ्लॅप डिस्क, अर्धगोल कानस, डिजिटल अँगल गेज, ओळंबा, गुण्या, व्हर्नियर, चांगले क्लॅम्प. पुठ्ठा भरपूर. शिवाय अग्निरोधक कांबळं आणि अग्निशामक. वेल्डिंग चालू असताना गाडीखाली बघत राहणारा एक माणूस हवाच.

## ३. गाडी मोकळी करा आणि सरळ उभी करा

सीट, कार्पेट, छताचं अस्तर, वायरिंगचा त्या भागातला जथा, सगळं बाहेर. बॅटरी सोडवा, इंजिनचा ईसीयू (संगणक) काढूनच ठेवा. इंधनटाकी आणि लाइन गाडीत ठेवून मागच्या भागात वेल्डिंग करू नका. टाकी रिकामी असली तरी नाही. भरलेल्या टाकीपेक्षा वाफ भरलेली टाकी जास्त धोकादायक. फरशीवरचा डांबरी थर वेल्डिंगच्या जागेभोवती चारही बाजूंनी किमान १५० मिमी खरवडा. तो वितळून खाली टपकतो आणि पेटतो, तेही बरोबर तुमचं डोकं हेल्मेटमध्ये असताना.

काच, डॅशबोर्ड आणि सीटबेल्टच्या पट्ट्या झाका. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुततात. ते डाग पुसून जात नाहीत.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. गाडी चारही चाकांवर, किंवा ॲक्सलखाली स्टँड देऊन, चालत्या उंचीवर उभी करा. मोनोकॉक गाडी (वेगळी फ्रेम नसलेली, बॉडीच सांगाडा असलेली) नुसत्या मधल्या जॅकवर उचलली की टोकं खाली झुकतात. त्या अवस्थेत सबफ्रेम कनेक्टर (पुढची आणि मागची रेल जोडणारी नळी) किंवा केज वेल्ड केला तर तो वाक कायमचा गाडीत राहतो. दरवाजे बसेनासे झाले की मग उमगतं. काम सुरू करण्याआधी दरवाजांच्या फटी मोजून लिहून ठेवा आणि दर दिवसाच्या शेवटी पुन्हा मोजा.

## ४. नळी निवडणं

पर्याय दोनच: माइल्ड स्टीलची डीओएम (आतल्या दांड्यावरून ओढून नेमक्या मापात आणलेली) नळी किंवा ४१३० क्रोमोली.

रोल बारसाठी बाहेरचा व्यास १ ३⁄४ इंच (४४.५ मिमी) आणि जाडी माइल्ड स्टीलमध्ये किमान ०.११८ इंच (३ मिमी), क्रोमोलीत ०.०८३ इंच (२.१ मिमी). केजच्या मुख्य हूपला व्यास किमान १ ५⁄८ इंच (४१.३ मिमी), जाडी तीच. ०.१२० इंचाची नळी मागवली की माइल्ड स्टीलचा निकष आरामात पार होतो. दुकानात "तीन एमएम" म्हणून जे मिळतं ते व्हर्नियर लावल्याशिवाय घेऊ नका, कारण तपासणीला जाडी अल्ट्रासोनिक मीटरने मोजतात. पाण्याची किंवा गॅसची पाइप अजिबात नको: मापं वेगळी आणि पोलादाचा भरवसा नाही.

वजनाचा हिशोब करून बघा. १ ५⁄८ इंची माइल्ड स्टीलची नळी मीटरला सुमारे २.८ किलो भरते, क्रोमोली सुमारे २ किलो. केजला २५ मीटर नळी लागली तर फरक २० किलोचा. त्या २० किलोंसाठी महाग नळी आणि फक्त टिग वेल्डिंग. पहिली गाडी असेल आणि ती रस्त्यावरही चालणार असेल, तर माइल्ड स्टील घ्या. २० किलो इतर ठिकाणीही कमी होतात.

## ५. वाकवणं आणि खाच पाडणं

प्लंबिंगचा हायड्रॉलिक पाइप-बेंडर बाजूला ठेवा. तो नळी दाबून वाकवतो, आतल्या बाजूला सुरकुती पडते, आडवा छेद चपटा होतो. असा बेंड तपासणीत तिथेच नाकारतात. रोटरी-ड्रॉ बेंडर आणि नेमक्या व्यासाची डाय लागते. वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या किमान तिप्पट धरा, म्हणजे सुमारे १२५ ते १३५ मिमी.

वाकवून सोडल्यावर नळी दोन-तीन अंश परत उघडते. हे प्रमाण मालाच्या प्रत्येक गठ्ठ्यात वेगळं असतं, म्हणून आधी एका तुकड्यावर ९० अंशांचा बेंड करून किती परत येतं ते मोजा आणि डायवरच खडूने लिहा. नळीची वेल्ड-शिवण दिसत असेल तर ती वळणाच्या आत किंवा बाहेर नको, बाजूला येऊ द्या.

खाच पाडायला होल-सॉ ज्या नळीवर टेकायचं तिच्याच बाहेरच्या व्यासाचा घ्या. वेग कमी, तेल भरपूर. खाचेची टोकं कागदासारखी पातळ राहतात. ती कानशीने १ मिमीपर्यंत मागे घ्या, नाहीतर आर्क लागताच ती विरघळतात आणि भोक पडतं. जोड हाताने धरून उजेडात बघा. मिगसाठी १ मिमीची फट चालून जाते, टिगने क्रोमोली करताना फट नकोच. फट भरून काढण्यापेक्षा तुकडा फेकलेला परवडतो. त्यासाठीच मोजलेल्या लांबीपेक्षा थोडी जास्त नळी आधीच घेऊन ठेवा.

## ६. रोल बार: आधी सीट, मग हूप

सीट कायमच्या जागी बोल्ट करा. चालकाने हेल्मेट घालून, बेल्ट आवळून बसायचं. मापं त्याच अवस्थेत घ्यायची:

- हूप डोक्याच्या मागे किंवा बाजूला ६ इंचांच्या (१५० मिमी) आत
- हेल्मेटच्या वर किमान ३ इंच (७५ मिमी)
- रुंदी किमान खांद्यांएवढी, किंवा चालकाच्या दरवाजापासून १ इंचाच्या आत
- खांद्याच्या बेल्टची आडवी नळी खांद्याच्या वर नको आणि ४ इंचांहून (१०० मिमी) खालीही नको
- मागच्या ब्रेसेस (तिरके आधार) हूपला माथ्यापासून ५ इंचांच्या (१२७ मिमी) आत मिळायला हव्यात; व्यास आणि जाडी हूपएवढीच
- चालकाच्या बाजूचा साइड बार (दरवाजाकडची तिरकी नळी) खांदा आणि कोपर यांच्या मधोमध जायला हवा

आडव्या नळीची उंची सीटच्या फोमवर अवलंबून असते. नवी सीट वर्षभरात दबते, चालक खाली जातो. म्हणून नळी खांद्यापासून २५ ते ५० मिमी खाली ठेवा, दोन्ही बाजूंना जागा राहते.

साइड बारला रस्त्यासाठी उघडणारा प्रकार चालतो, तोच घ्या. दिवसातून दहा वेळा नळी ओलांडून बसायचा उत्साह पहिल्या आठवड्यात ओसरतो आणि मग माणसं साइड बार घरीच ठेवून ट्रॅकवर येतात.

पाया. वेगळी फ्रेम असलेल्या गाडीत हूप थेट फ्रेमला जोडायचा. मोनोकॉक गाडीत फरशीच्या वर आणि खाली ६ × ६ इंच, ०.१२५ इंच (३.२ मिमी) जाडीच्या प्लेट आणि प्रत्येक पायाला किमान चार ३⁄८ इंची बोल्ट, किंवा तितक्याच जाडीच्या प्लेटने दरवाजाखालच्या रॉकर सिलला पूर्ण वेल्ड. दुसरा पर्याय चांगला. फरशीचा पत्रा मिलीमीटरभर जाडीचा असतो, सिल मात्र पेटीसारखी बंद असते आणि भार लांबवर पसरवते. प्लेट एका सपाट जागेवर ठेवण्यापेक्षा सिलच्या उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही पृष्ठभागांवर वळवून बसवा. सबफ्रेम कनेक्टर लावले म्हणून मोनोकॉक गाडी नियमांच्या दृष्टीने फ्रेमवाली होत नाही.

छताजवळचे जोड. हूप छताला घासून बसवला की वरच्या जोडांच्या मागे वेल्डिंगची टॉर्च जात नाही आणि अर्धा जोड तसाच राहतो. तपासणारा आरसा घेऊन नेमकं तिथेच बघतो. उपाय असा: पायाच्या प्लेट बसवण्याआधी त्या जागी फरशीला नळी जाईल एवढी भोकं पाडा, टॅक केलेला (ठिपक्यांनी तात्पुरता जोडलेला) सांगाडा १०० मिमी खाली सोडा, वरचे जोड पूर्ण गोलाकार वेल्ड करा, सांगाडा वर उचला आणि मग प्लेट सरकवून पाय वेल्ड करा. प्लेटच भोक झाकून टाकते.

## ७. वेल्डिंग

माइल्ड स्टीलला मिग किंवा टिग चालतं. क्रोमोलीला फक्त टिग. पूर्ण झालेली वेल्ड घासून गुळगुळीत करायला बंदी आहे. ग्राइंडरने चकचकीत केलेली वेल्ड दिसली की तपासणारा गृहीत धरतो की खाली काहीतरी लपवलंय, आणि बहुतेक वेळा त्याचा अंदाज बरोबर असतो.

सफाई. जोडापासून २५ मिमीपर्यंत काळी खपली काढून चमकता धातू येऊ द्या, मग ॲसिटोनने पुसा. नळीच्या आतली कडही घासा. क्लोरीनयुक्त ब्रेक-क्लीनर वापरू नका. आर्कच्या उष्णतेत आणि अतिनील किरणांत त्याचा फॉस्जीन वायू होतो, आणि तो अगदी थोडाही फुप्फुसांना घातक असतो. लेबल न वाचता डबा उचलला जाऊ नये म्हणून वेल्डिंगच्या खोलीत तो ठेवूच नका. जस्ताचा मुलामा असलेल्या वस्तूंवरचा मुलामाही आधी काढा. त्याच्या धुराने ताप भरतो.

मिग, ३ मिमी भिंत: ०.८ मिमीची ईआर७०एस-६ तार, ७५ टक्के आर्गॉन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइड. नुसत्या आवाजावर भरवसा ठेवू नका. मिगची वेल्ड वरून देखणी आणि आतून नुसती चिकटलेली असू शकते. त्याच नळीचे दोन तुकडे त्याच सेटिंगवर जोडा, करवतीने उभे चिरा आणि मुळापर्यंत वितळलंय का बघा. दुसरा नमुना शिकंजात धरून हातोड्याने मोडा: नळी वाकली पाहिजे, वेल्ड सुटता कामा नये.

टिग: २.४ मिमी टंगस्टन, आर्गॉन मिनिटाला ८ ते १० लिटर. अँपिअर अंदाजे इंचाच्या हजाराव्या भागाला एक, म्हणजे ०.११८ ला १२० च्या आसपास, ०.०८३ ला ८० च्या आसपास. क्रोमोलीला ईआर७०एस-२ किंवा ईआर८०एस-डी२ रॉड. ०.०८३ इंचाच्या जाडीला आधी तापवायची गरज नसते, पण गार होताना वारा नको: पंखा बंद, शटर खाली, ओलं फडकं लांब. झटक्यात गार झालेल्या क्रोमोलीत वेल्डच्या कडेचा पट्टा ठिसूळ होतो आणि तडा तिथूनच जातो.

क्रम. सगळं आधी टॅक करा, प्रत्येक जोडाला चार. मग दरवाजे बंद करून बघा, सीट घालून बघा, चालकाला बसवून बघा. नंतर एका जोडाचा चौथा भाग, मग समोरच्या कोपऱ्यातल्या जोडाचा चौथा भाग, असं फिरत राहा. एकाच बाजूचे सगळे जोड सलग केले तर हूप त्या बाजूला ५ मिमी सहज ओढला जातो.

जाड प्लेट पातळ फरशीला जोडताना उष्णता प्लेटवर धरा आणि पत्र्याला नुसता स्पर्श होऊ द्या. २० मिमीचे तुकडे करा, मध्ये गार होऊ द्या.

## ८. सबफ्रेम कनेक्टर आणि मागचं ॲक्सल

मोनोकॉक गाडीत पुढची आणि मागची रेल मध्ये तुटक असते. जोरदार लाँचला बॉडी पिळवटते. मागच्या काचेचे कोपरे आणि छताच्या शिवणी आधी बोलतात. २ × ३ इंची, सुमारे ३ मिमी भिंतीची चौकोनी नळी फरशीला खाच पाडून आत बसवली आणि दोन्ही बाजूंनी फरशीच्या पत्र्याला शिवत नेली, तर फरशीसुद्धा भार घेते. नुसती खाली लटकवलेली नळी ताकद कमी देते आणि स्पीडब्रेकरला घासते.

ॲक्सलच्या नळीवर ब्रॅकेट वेल्ड करताना एक गोष्ट विसरू नका: वेल्ड आकसते, म्हणून नळीची टोकं वेल्डच्या बाजूला वळतात. चार ब्रॅकेट पुढून लावली की टोकं पुढे येतात, बेअरिंग तिरकी बसतात, ॲक्सल गरम होतात आणि सील गळतात. जाड अलाइनमेंट बार आणि बेअरिंगच्या जागी बसणारे पक (चकत्या) आत घालून काम करा, वेल्ड २५ मिमीच्या टप्प्यांत आणि नळी हाताला सोसेल इतकी गार झाल्यावरच पुढची. पूर्ण गार झाल्यावर बार हाताने सरकला पाहिजे. सरकला नाही तर विरुद्ध बाजूला वेल्डची एक रेघ ओढून नळी परत आणतात. मधला भाग ओतीव लोखंडाचा असेल आणि नळ्या त्यात दाबून बसवलेल्या असतील, तर ते जोड साध्या तारेने वेल्ड करू नका. त्याला आधी तापवणं आणि निकेलचा रॉड लागतो.

## ९. मिनी-टब: रुंद चाकांसाठी जागा

२७५/६०आर१५ चा ड्रॅग रेडियल टायर सुमारे ७११ मिमी उंच असतो, ३१५/६०आर१५ सुमारे ७५९ मिमी. आकडे कॅटलॉगमधून घेऊन पत्रा कापू नका. त्याच रिमवर चढवून हवा भरलेलं खरं चाक मोजा. त्याच नावाचे दोन कंपन्यांचे टायर रुंदीत १० मिमीने वेगळे निघतात.

स्प्रिंग काढा, चाक लावा, ॲक्सल जॅकने पूर्ण वर न्या, पूर्ण खाली आणा, मग एक बाजू वर आणि एक खाली. आतल्या बाजूला किमान २५ मिमी, वर ४० मिमी मोकळं हवं. शर्यतीच्या गाडीत याहून कमी चालून जातं, कारण ती वळत नाही. तुमची गाडी वळणार, आणि वळणावर ॲक्सल बाजूला सरकतं, टायरची भिंत वाकते.

पुठ्ठ्याचा फर्मा, मग पत्रा. चाकाच्या कमानीची आतली भिंत कापून आत सरकवायची आणि मध्ये पट्टी भरायची, हा सोपा मार्ग. रेल कापावी लागली तर कापलेली बाजू मूळ रेलच्या जाडीच्याच पत्र्याने पेटीसारखी बंद करा. उघडी सोडलेली रेल जॅक लावल्यावर चिमटते.

पातळ पत्र्यावर सलग वेल्ड नको. ३० मिमीवर एक टॅक, मग मधोमध एक, असं भरत जा. नाहीतर पत्रा लहरी होतो आणि चालताना टिणटिण वाजत राहतो. आतून-बाहेरून सीम सीलर भरा. ट्रॅकवर त्याची कुणाला पर्वा नसते. रस्त्यावर पहिल्याच पावसात डिकीत पाणी साचतं.

## १०. ड्राइव्हशाफ्ट लूप

पुढचा युनिव्हर्सल जॉइंट तुटला तर शाफ्टचं टोक खाली पडून रस्त्यात रुतू शकतं किंवा फरशी फोडून आत येऊ शकतं. स्लिक (खाचा नसलेले) टायर असतील तर १३.९९ पासून आणि रस्त्याचे टायर असले तरी ११.४९ हून जलद गाडीला लूप लागतो. माझं मत विचाराल तर, ताकद वाढवलेल्या कुठल्याही मागच्या चाकांच्या गाडीला तो असावा.

पूर्ण गोल वेढा, पुढच्या जॉइंटपासून ६ इंचांच्या आत. पट्टी किमान १⁄४ इंच जाड आणि २ इंच रुंद, किंवा ७⁄८ इंची, ०.०६५ इंच भिंतीची पोलादी नळी वेल्ड करून. सस्पेन्शन पूर्ण खाली आणि पूर्ण वर असताना शाफ्ट लूपला लागत नाही ना, ते हाताने फिरवून बघा. लूप दोन तुकड्यांत, खालचा अर्धा बोल्टने सुटणारा करा, म्हणजे गिअरबॉक्स उतरवताना शिव्या कमी लागतात. फरशीला स्क्रूने लावलेला लूप दिखाव्याचा असतो. तो कनेक्टरच्या मधल्या आडव्या नळीला लावा.

## ११. फायरवॉल, डिकी, बॅटरी

चालक आणि इंजिन यांच्यात, तसंच बॅटरी किंवा फ्युएल सेल (शर्यतीची सुरक्षित इंधनटाकी) डिकीत असेल तर डिकी आणि केबिन यांच्यातही, भोक नसलेला पडदा हवा: पोलाद किमान ०.०२४ इंच (०.६ मिमी) किंवा ॲल्युमिनियम ०.०३२ इंच (०.८ मिमी). स्पीकरची जुनी भोकं बुजवायची राहतात. केबल आणि नळ्यांना ग्रोमेट लावा. ॲल्युमिनियम जिथे पोलादाला टेकतं तिथे मध्ये रंग आणि सीलर हवा. रस्त्यावरच्या ओलाव्यात नुसती टेकलेली कड दोन पावसाळ्यांत पांढरी भुकटी होते.

बॅटरी प्लास्टिकच्या पट्ट्याने बांधू नका. रचनेला धरलेले किमान दोन ३⁄८ इंची बोल्ट आणि वरून धातूची पट्टी हवी. मास्टर स्विच गाडीच्या अगदी मागे, बाहेरून हाताला येणारा, पॉझिटिव्ह बाजूवर, ढकलल्यावर बंद होणारा आणि त्यावर "ऑफ" लिहिलेला. इथे बहुतेकांची फजिती होते: स्विच बंद केला तरी इंजिन चालूच राहतं, कारण अल्टरनेटर वीज पुरवत राहतो. अल्टरनेटरची चार्जिंग वायर स्विचच्या बॅटरीकडच्या टोकाला न्या, म्हणजे स्विच बंद केला की गाडीकडे वीज जायचा रस्ता उरत नाही. इंजिन चालू ठेवून तपासा.

## १२. हेडर आणि एक्झॉस्ट

हेडर म्हणजे इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या. त्यांचा इंजिनला आवळायचा फ्लँज १० मिमी जाड. वेल्ड करताना तो जुन्या सिलिंडर हेडला किंवा जाड प्लेटला सगळ्या बोल्टांनी आवळलेला हवा आणि गार होईपर्यंत तसाच राहिला पाहिजे. सोडलेला फ्लँज केळ्यासारखा वाकतो आणि मग कुठलीही गॅस्केट गळती थांबवत नाही.

३०४ स्टेनलेस ५०० अंश सेल्सियसने तापलं की मीटरला सुमारे ८.५ मिमी वाढतं, माइल्ड स्टील ६ मिमी. ही वाढ जायला जागा नसली की तडा जातो. म्हणून स्लिप जॉइंट (सरकता जोड), बेलोज (घड्यांची लवचीक नळी) आणि रबरी हँगर. टर्बोचं वजन हेडरवर टांगू नका. त्याला इंजिनलाच धरलेला, वाढीपुरती सरक असलेला ब्रॅकेट द्या. स्टेनलेस-स्टेनलेसला ईआर३०८एल, स्टेनलेस-माइल्ड स्टीलला ईआर३०९एल. स्टेनलेसच्या नळीत आतून आर्गॉन भरा, नाहीतर मुळाशी काळी खडबडीत साखर धरते आणि तिचे कण सुटून टर्बाइनमध्ये जातात.

ऑक्सिजन सेन्सरचा बंग (तो ज्यात आवळतात तो आट्यांचा तुकडा) आडव्यापासून किमान १० अंश वर झुकलेला हवा, खाली तोंड करून बसवला तर साचलेल्या पाण्याने सेन्सर फुटतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सायलेन्सरसाठी लांबी आत्ताच ठेवा. "नंतर बघू" म्हणून सोडलेली जागा नंतर कधीच उरलेली नसते.

## १३. रंगाआधी आणि रस्त्यावर गेल्यावर

शक्य असेल तर केज रंगवण्याआधी तपासणाऱ्याला दाखवा. उघड्या धातूवर दुरुस्ती सोपी. चासीचं प्रमाणपत्र ९.९९ ते ७.५० सेकंदांच्या गाड्यांना तीन वर्षं चालतं. नळ्यांवर पातळ रंग पुरे. जाड पावडर-कोटिंगमध्ये केसासारखा तडा लपतो. हेल्मेट जिथे टेकू शकेल तिथे कडक पॅडिंग लावा. बांधकामातला पाइपवरचा मऊ फोम चालत नाही. रस्त्यासाठी डोक्याच्या परिघातल्या प्रत्येक नळीला पॅडिंग हवं, आणि कायदा मागत असेल तर मूळ तीन-बिंदू बेल्ट जागेवरच ठेवा.

पहिले २०० किलोमीटर साध्या रस्त्यावर, हळू. मग गाडी लिफ्टवर घ्या आणि प्रत्येक बोल्टवर मार्करने ओढलेली रेघ जुळते का बघा. ब्रॅकेटच्या कोपऱ्यांवर, हेडरच्या कलेक्टरवर आणि टबच्या शिवणीवर डाय-पेनिट्रंट (तडा दाखवणारा रंग) मारा. लाल रेघ उमटली तर नुसती वरून वेल्ड ओढू नका. तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिमीची भोकं पाडा, तडा पूर्ण खोदून काढा, आणि तो भाग कशामुळे हलतोय ते आधी शोधा. बहुतेक वेळा उत्तर असतं एक न लावलेला आधार किंवा काटकोनात कापलेला धारदार कोपरा. कोपरा १० मिमी त्रिज्येने गोल करा, आधार लावा, मगच वेल्ड करा. पहिली लाँच त्यानंतर.